आबांचं सहाबारी

खंडेनवमीला आमच्या सोप्यात हत्यारं मांडायचा क्रम ठरलेला असे. आधी नांगराचा फाळ, मग कोयते, विळे, खुरपी, लोहाराकडून धार लावून आणलेली कुऱ्हाड, आजीचा अडकित्ता आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या पाटावर, आबांचं सहाबारी पिस्तूल. आबा ते कातडी म्यानातून स्वतः काढत, अंगठ्यानं खटका दाबून नळी पुढं झुकवत, आतली सहाही घरं रिकामी असल्याचं जमलेल्यांना दाखवत आणि मगच पाटावर ठेवत. आजी हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवायची. कुंकू सढळ हातानं वाहिलं जाई. दुसऱ्या दिवशी आबा फडकं घेऊन पुसायला बसत, तरी लोखंडावर कोरलेल्या बारीक अक्षरांत ते उरायचंच. त्या उरलेल्या कुंकवाचा पुढं किती उपयोग होणार आहे, हे तेव्हा कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पाटाजवळ जायला मुलग्यांना मोकळीक होती. धाकट्या बहिणीनं एकदा नळीवर बोट टेकवलं तर आत्यानं तिच्या हातावर चापट मारली. पुसायचं फडकं धुवायला मात्र तिच्याकडंच यायचं.

वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं आमचं गाव. आसपासच्या गावांत ठासणीच्या बंदुका होत्या, दोन-तीन बाराबोअर होत्या, पण कमरेला लावायचं हत्यार आबांकडंच. ते कोणत्या कंपनीचं, कुठल्या बनावटीचं, हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. आबांचं, एवढ्यावर भागत होतं.

आलं कुठून, याच्या मात्र घरात दोन कथा होत्या. काकांची कथा साहेबाची. स्वातंत्र्य आलं, कालव्यावरचा एक गोरा अधिकारी चंबूगबाळं आवरून निघाला आणि जाताना आबांच्या इमानाची आठवण म्हणून पिस्तूल देऊन गेला. आत्याची कथा याहून झणझणीत. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पत्री सरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रेल्वेगाडी लुटली, त्या धामधुमीत कुणा अंमलदाराच्या कमरेचं पिस्तूल कुणाच्या तरी हाती लागलं आणि लपवायला म्हणून आमच्या वाड्यात आलं, ते राहिलं. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आमच्याच तालुक्यातलं. अशा कथेला आमच्याकडं पुरावा मागणं म्हणजे उर्मटपणाच. एक कथा साहेबाच्या मर्जीची, दुसरी साहेबाला लुटल्याची. दोन्ही एकाच घरात, एकाच पंगतीला सुखानं जेवत होत्या. आबांना विचारलं की ते पानाला चुना लावत म्हणायचे, “आसंल.” काकांना आसंल, आत्यालाही आसंल.

त्या काळचा परवाना म्हणजे कापडी पाठीचं एक छोटं पुस्तक. मुदत संपत आली की आबा कोट चढवून, पुस्तक आणि पिस्तूल घेऊन एस.टी.नं तालुक्याला जात. मामलेदार कचेरीतला कारकून “या पाटील” म्हणून खुर्ची सरकवायचा, हत्याराचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहायचा (की पाहिल्यासारखं करायचा), तिकीट चिकटवून शिक्का मारायचा. चहा होई. परत येताना आबा बाजार करून यायचे, त्यामुळे पिस्तुलाशेजारी पिशवीत बटाटे असत. निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं. हा दिवस आबांना आवडत नसे असं वाटेल, पण ते ठाण्यात पायी जात, भर बाजारातून. आपल्याकडं जमा करण्याजोगं काही आहे, हे दर निवडणुकीला गावाला नव्यानं कळे. आता सगळ्यांनाच सरसकट जमा करायला लावत नाहीत, जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. आबांना हा बदल रुचला नसता.

वरातीत बार काढणं ही तर रीतच होती. काकांच्या लग्नात आबांनी वेशीजवळ हवेत दोन बार काढले, ते सांगणारी माणसं अजून आहेत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं असा हर्षाचा बार हा गुन्हा ठरवला: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठीकच झालं. वर गेलेली गोळी खाली येते, याचा विचार त्या वरातींत कुणी करत नव्हतं.

पण जुनं सगळं ढिसाळ होतं असंही नाही. हत्यार आबांच्या लोखंडी कपाटात आणि काडतुसं आजीकडं. आजीची जागा तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. तांदळाच्या कणगीत, हे ती गेल्यावर सापडलं. आबांना बार काढायचा तर आधी आजीला कारण सांगायला लागे, आणि ती बहुतेक कारणं फेटाळून लावायची. आजचा अर्ज हत्यार सुरक्षित आणि कुलूपबंद ठेवण्याची हमी मागतो. आमच्या घरात ही हमी नऊवारी नेसून वावरत होती.

आबांमागं परवाना अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर झाला तो एका खेपेत. प्रांतसाहेबांनी विचारलं, “पाटलांचा मुलगा ना?” अण्णा हो म्हणाले. चौकशी संपली, असं अण्णा सांगत. थोडं मीठमसाला लावून सांगत असतील, पण फार नाही.

अण्णा गेल्यावर आम्हाला कळलं की आता ओळख अशी चालत नाही. परवानाधारक गेला की घरच्यांनी हत्यार उगाच वेळ न काढता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं असतं. शस्त्र कायद्याचं २१ वं कलम तेच सांगतं. आम्ही ते जिल्ह्याच्या गावच्या बंदुकीच्या दुकानात ठेवलं, पावती घेतली आणि वारसाच्या नावानं अर्जाला लागलो. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना द्यायची सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं, तर तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. अण्णांनी ते केलं नव्हतं. मरणाच्या गोष्टी ते पुढच्या आठवड्यावर ढकलत.

अर्ज संगणकावर भरायचा. प्रत्येक परवान्याला देशाच्या नोंदवहीत एक विशिष्ट क्रमांक असतो, तो टाकला की सगळी माहिती पडद्यावर येते. आमची आली. त्यात बोअर लिहिलं होतं .३८. परवान्याच्या पुस्तकात कुणा कारकुनानं शाईच्या टाकानं काढलेला आकडा होता तो दोनही वाटत होता आणि आठही. पुस्तकावरून संगणकावर उतरवणाऱ्यानं त्याला आठ मानलं असणार. काकाही आयुष्यभर ‘अडतीस बोअर’च म्हणत आले होते. साहेबाचं हत्यार म्हटल्यावर ते अडतीसच असायला हवं.

एका आकड्यानं काय होतं? बरंच होतं. आपल्याकडच्या नियमांत ‘प्रतिबंधित बोअर’ असा वर्ग आहे. लष्कराची आणि पोलिसांची काडतुसं ज्यांत बसू शकतात अशी हत्यारं त्यात मोडतात: .३०३ च्या रायफली, .३८० किंवा .४५५ ची काडतुसं घेणारी रिव्हॉल्वरं, ९ मिलिमीटरची लष्करी काडतुसं घेणारी पिस्तुलं. अशा हत्याराचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, प्रकरण दिल्लीला गृहमंत्रालयात जातं. .३२ चं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातच निकाल. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं नागरिकांसाठी रिव्हॉल्वर काढलं ते .३२ मध्ये, त्याचंही कारण हेच. म्हणजे जे हत्यार तीन पिढ्या नुसतं आबांचं होतं, त्याची खरी ओळख पटवून घेण्याची पाळी त्या वाकड्या आकड्यानं आणली.

दुकान जुनं. काचेच्या कपाटांत पूर्वी विलायती बंदुका असायच्या, आता बऱ्याचशा खणांत छऱ्याच्या बंदुका आणि टॉर्च आहेत. नागरिकांसाठी विलायती हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली तेव्हापासून या धंद्याची रया गेली, असं शेठ म्हणतात. मात्र आधी देशात येऊन पडलेल्या विलायती मालाला सोन्याचा भाव आला. त्यांनी आमचं हत्यार म्यानातून काढलं, खटका दाबून मोडलं, नळीतून उजेडाकडं पाहिलं. मग रॉकेलात बुडवलेला दात घासायचा ब्रश घेणार, तोच थांबले आणि हसले. “साहेब, दसऱ्याला पूजा करता वाटतं. राहू दे कुंकू. नाहीतर अक्षरं शोधायला खडू चोळायला लागतो.” कोरीव खाचांत साठलेल्या लाल रेघांनी सगळे शिक्के आपण होऊन वाचायला दिले होते.

शेठना घाई नव्हती. आधी त्यांनी काय नाही ते सांगितलं. वेब्लीसारखं दिसणारं सगळं वेब्ली नसतं. बेल्जियमच्या लिएजमध्ये शेकडो कारखान्यांनी विलायती नमुन्यांच्या नकला काढल्या. त्यांच्यावर लंबगोलात ई. एल. जी. ही अक्षरं असतात, आणि वर मुकुट असेल तर माल १८९३ नंतरचा. स्पेनच्या ऐबार गावानं पहिल्या महायुद्धात इंग्रजांनाच .४५५ ची रिव्हॉल्वरं पुरवली, तीही लांबून वेब्लीच वाटतात. आणि पेशावरकडच्या दर्रा आदमखेलचे कारागीर तर शिक्क्यांसकट नक्कल करत. “फक्त इंग्रजी येत नसल्यानं एखादं अक्षर उलटं मारतात. अशी हत्यारं घेऊन माणसं येतात, आजोबांना महाराजांनी दिलं म्हणतात. मी चहा पाजतो, काय करणार?” काही हत्यारांवर कारखान्याबरोबर दुकानदाराचंही नाव असतं: कलकत्त्याच्या मँटनचं, रॉडाचं (याच रॉडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी ऑगस्ट १९१४ मध्ये पळवला, पन्नास माउझर पिस्तुलं आणि हजारो काडतुसं), किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं. गोरे अधिकारी आपली रिव्हॉल्वरं स्वतःच्या पैशांनी घेत, ती अशाच दुकानांतून. मुंबईला काळा घोड्यापाशी त्या स्टोअर्सची इमारत अजून उभी आहे. साहेबानं दिलेलं हत्यार असतं तर असलं एखादं नाव सापडायला हरकत नव्हती. आमच्यावर नव्हतं.

युद्धातला मालही नव्हे. इंग्लंडच्या सरकारी हत्यारावर बाणाचा शिक्का असतो. दुसऱ्या महायुद्धात घाईनं बनलेल्या वेब्लींवर ‘वॉर फिनिश’ असं चक्क कोरलेलं असतं, म्हणजे तकाकी नाही म्हणून तक्रार करू नका. अमेरिकेतून आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या नंबराआधी व्ही असतो. आमच्या हत्यारावर यातलं काही नाही. होतं ते असं: वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, मार्क चार, आणि नळीवर, कुंकवात रंगून, स्वच्छ, .३२.

दोन. आठ नव्हे. दिल्लीची वारी वाचली.

मी निघायच्या बेतात होतो. शेठनी भिंग पुढं केलं. नळीवर आणि सिलिंडरच्या प्रत्येक घराबाहेर एक मुकुट, त्याखाली बी. एन. पी. बर्मिंगहॅममध्ये बनलेलं प्रत्येक हत्यार तिथल्या प्रूफ हाउसमध्ये जातं, जास्तीच्या दाबाचं काडतूस उडवून तपासलं जातं, टिकलं तर शिक्का मिळतो. १९०४ पासून बी. व्ही., बी. पी. आणि एन. पी. असे वेगवेगळे शिक्के मारत. १९५४ च्या नियमांनी बी. एन. पी. आला. तेव्हा हे हत्यार त्यानंतरचं.

मग १९४७ ला निघून गेलेला साहेब? आणि शेणोलीची गाडी? मुकुटाखालच्या तीन अक्षरांनी दोन्ही कथा एका दमात बाद केल्या.

हत्यारावरच्या कोरीव खुणेवरून असा निवाडा होण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण भगतसिंगांच्या पिस्तुलाचं. साँडर्सवर डिसेंबर १९२८ मध्ये झाडलेलं ते .३२ चं कोल्ट पिस्तूल सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या संग्रहात वर्षानुवर्षं होतं, पण नंबरावर रंग चढलेला. रंग खरवडला, खालून १६८८९६ निघाला, तो खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी जुळला आणि एका निनावी हत्याराची एकदम गर्दी खेचणारी वस्तू झाली. तिथं नंबरानं कथा मिळवून दिली. आमच्या शिक्क्यानं होती ती काढून घेतली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही; कुतूहल जागं झालं.

घरी येऊन परवान्याचं पुस्तक पहिल्या पानापासून पाहिलं. आजवर सगळ्यांनी शेवटचं पान पाहिलं होतं, नूतनीकरण झालंय की नाही एवढ्यापुरतं. पहिली पानं ओलीनं चिकटली होती, ती वाफेवर धरून सोडवली. वर मुंबई सरकारचं नाव, म्हणजे १ मे १९६० च्या आधीचं. जिल्हा दक्षिण सातारा. सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० सालीच मिळालं. कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या अमदानीतला. नवा १९५९ चा कायदा अंमलात आला तो १ ऑक्टोबर १९६२ ला. खाली मुंबईच्या कुणा विक्रेत्याचा जांभळा शिक्का, नाव पुसट, ‘बॉम्बे’ एवढंच लागतं. एका टोकाला बर्मिंगहॅमचा मुकुट, दुसऱ्या टोकाला मुंबई राज्याचा अंत. मधल्या पाच-सहा वर्षांत कधीतरी आबा मुंबईला गेले आणि दुकानातून कोरं करकरीत रिव्हॉल्वर विकत घेऊन आले.

ही वर्षं कोणती? उसाची. कृष्णाकाठी साखर कारखान्यांच्या सभा भरत होत्या, शेअर गोळा होत होते, विहिरींवर इंजिनं बसत होती, गुऱ्हाळाच्या जमान्यातला माणूस पहिल्यांदा नोटा मोजत होता. आबांच्या हातात पैसा आला तो तेव्हा. नव्या पैशानं कुणी मोटारसायकल घेतली, कुणी माडी चढवली. आबांनी सहाबारी घेतलं. आणि मग, मला वाटतं, त्यांच्या लक्षात आलं असावं की दुकानातून पावती करून आणलेल्या वस्तूचा गावात दरारा बसत नाही. तिला जुनेपणा हवा. तो द्यायला गाव एका पायावर तयार होतं. आबांना खोटं बोलावंच लागलं नाही. त्यांनी फक्त चुना लावत ‘आसंल’ म्हटलं. साहेबाची मर्जी आणि साहेबाशी वैर, दोन्हींचं पुण्य एकाच हत्याराच्या खात्यावर जमा करून घेणारा हा माणूस मला त्या दोन्ही कथांतल्या आबांपेक्षा जास्त आवडतो. कुठल्याही कथेत नसलेली एक गोष्टही त्यांच्याबद्दल कळली: विलायती काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी पहिल्या दोन पानांतच आहेत, नंतर फारशा नाहीत. पुढची काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर के. एफ. कोरलेली, आणि तीही इतकी थोडी की वरातीतले दोन बार आणि एखादी दिवाळी यापलीकडं आबांनी कधी घोडा पाडला असेल असं वाटत नाही.

अर्ज आता धाकट्या बहिणीच्या नावानं केला आहे. शेती तीच बघते, कॉलेजात एन.सी.सी.त असताना .२२ नं नेमबाजी करायची, आणि आम्हा भावांत कुणाला त्या हत्याराची धड काळजी घेता येईल असं आईला वाटत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्णपदक मिळवल्यापासून आमच्या भागात मुलीच्या हातात पिस्तूल पाहून कुणी भुवया उंचावत नाही. आम्ही ना-हरकत दिली. वैद्यकीय दाखला झाला, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र झालं, पोलीस पाटलापासून पुढं चौकशी सुरू आहे. नोंदवहीतला आठाचा दोन करून घ्यायला मात्र हत्यार बनवायला लागला असेल त्याहून जास्त वेळ लागतो आहे. विक्रेत्याचा दाखला, शिक्क्यांचे फोटो, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं आहे. फोटोंत कुंकू दिसतं म्हणून कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, “हा लाल रंग कंपनीचा का?” बहिणीनं हो म्हणून टाकलं.

काकांना शिक्क्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंगातून पाहिलं, आणि साहेब १९५५ पर्यंत मागं राहिला असेल अशी शक्यता मांडली. आत्या यापुढं गेली. नव्वदीच्या आसपास आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रूफ हाउस, बी. एन. पी. आणि मुंबई राज्य तिला मोठ्यानं दोनदा सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर ती माझ्याकडं अशी पाहत राहिली, जणू मीच काहीतरी हरवून आलोय.

“मग ह्ये आबांनी नंतर घेतलं आसंल,” ती म्हणाली. “शेणोलीचं कुठाय? माळ्यावर बघितलंसा का?”